माठाखालची बाटली

आमच्या दवाखान्यातलं प्यायचं पाणी वरठी गावात सगळ्यांत गार होतं आणि त्याचं श्रेय फक्त माझं होतं. पुढं कबुलीजबाब द्यायचाच आहे, तर सुरुवात बढाईनं केलेली बरी. उतरायला पायऱ्या मिळतात.

मी कंपाउंडर. स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर आमच्या डॉक्टरांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि सत्तरच्या दशकात मी तिथं ऐन भरात होतो. लोकांना वाटतं, कंपाउंडर म्हणजे लाल औषध ढवळणारा आणि बाटलीवर डोस मोजायची, कात्रीनं कातरलेली कागदी पट्टी चिकटवणारा माणूस. ते तर होतंच. पण रांग लावणं, जखम धुणं, पट्टी बांधणं, डॉक्टरांकडे जाण्याआधी रोग्याला जरा घाबरवणं आणि बाहेर आल्यावर त्यालाच धीर देणं, हीही माझीच कामं. शेवटची दोन मला फार आवडत. डॉक्टर मितभाषी होते. त्यांच्या वाटचं मी बोलायचो.

ओसरीवर रोग्यांसाठी पाण्याचा मोठा माठ होता. तो मी ओल्या रेतीच्या वाफ्यात बसवला होता. रेती साधीसुधी नव्हे. भंडारा ओलांडून, पुलावरून कारध्याला जाऊन, वैनगंगेच्या पात्रातली रेती मी पोत्यात भरून सायकलच्या कॅरिअरवर आणली होती. घरच्या पिठाच्या चाळणीनं ती चाळली. बायकोनं ती चाळणी परत घेतली नाही. मी म्हटलं, शास्त्राला किंमत मोजावी लागते.

आता मुख्य पात्राची ओळख करून देतो. ती म्हणजे सुन्न करायची सुई.

गाठ काढायची असो, नखात घुसलेला काटा काढायचा असो की फाटलेली कातडी शिवायची असो, आधी तेवढी जागा सुन्न करावी लागते. त्याचं औषध रबरी बुचाच्या काचेच्या बाटलीत येई. एक बाटली बऱ्याच जणांना पुरे. आमच्याकडे अशी कामं आठवड्याला एखाददुसरी, म्हणून बाटली महिना-दीड महिना चाले. तेव्हा पिचकारी काचेची असे. ती आणि सुया मी स्टोव्हवर उकळायचो, आणि त्यात कुचराई करणारा मी नव्हतो. पाणी खळखळायला लागल्यावर घड्याळ पाहायचो आणि वीस मिनिटं होईपर्यंत कुणी मरतो म्हटलं तरी झाकण उघडायचो नाही. बोथट सुया दगडावर घासून धार लावायचो. चिमट्याशिवाय कशाला हात लावायचो नाही. ‘आमच्याकडे सगळं उकळलेलं’ हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा म्हणे की, रांगेतले लोक माझ्याबरोबर म्हणत.

पण एक पद्धत होती. डॉक्टर जिथं शिकले तिथून ती त्यांनी आणली आणि मला शिकवली. बाटलीच्या बुचात एक जाड सुई कायमची खोचून ठेवायची. औषध हवं असलं की, तिच्या बुडाला पिचकारी लावायची, ओढायची आणि रोग्याला टोचायला दुसरी, उकळलेली सुई लावायची. यानं बुचाला सारखी भोकं पडत नाहीत, रबराचा चुरा आत पडत नाही, हात झरझर चालतो. सगळीकडे असंच करत. खोचलेल्या सुईच्या उघड्या तोंडावर मी कापसाचा बोळा ठेवायचो. म्हणजे बंदोबस्त पक्का.

आणि बाटलीवर छापलेलं होतं की, थंड जागी ठेवावी.

वैशाखात भंडारा जिल्ह्यात थंड जागा म्हणजे काय, हे छापणाऱ्याला कुणीतरी विचारायला हवं होतं. पत्र्याखालच्या औषधांच्या कपाटात हात घातला तर चटका बसे. फ्रिज आमच्याकडे नव्हता. सगळ्या दवाखान्यात एकच जागा गार होती आणि ती माझ्या कर्तृत्वाची होती. मी ती बाटली सुई-कापसासकट माठाखालच्या ओल्या रेतीत गळ्यापर्यंत पुरून ठेवू लागलो. डॉक्टरांनी मागितली की काढायची, फडक्यानं पुसायची, ट्रेमध्ये ठेवून न्यायची. बाटलीवर बारीक दव असे. डॉक्टरांना वाटे, मी ती कपाटातूनच काढतो. मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. एखाद्या दिवशी ते स्वतःच विचारतील, ‘ही इतकी गार कशी राहते रे?’ असं चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं.

त्या उन्हाळ्यात पहिली आली भागरताबाई. कारध्याची, नदीच्या पात्रात डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, लावणारी. डांगरं टोपलीत घालून गाडीच्या वेळेला स्टेशनावर विकायला येई. दंडावर चरबीची गाठ होती, टोपली उचलताना आड येई. डॉक्टरांनी सुन्न करून काढली. सहा दिवसांनी दंड फुगून आला, आत पू. डॉक्टरांनी तो फोडला, धुतला, सुया दिल्या. बरं व्हायला महिना लागला. त्या महिन्यात मी तिला काय काय बोललो ते मला आजही पाठ आहे.

“रेतीत काम करतेस, तोच हात घेऊन झोपतेस, पट्टीत रेती गेली असेल. रेती म्हणजे घाण, बाई.”

“नाई गेली जी.”

“मग पू काय आकाशातून आला?”

रांगेतली माणसं हसली. मला हशा फार प्रिय.

तिच्यामागून रेल्वेचा एक गँगमन आला. अंगठ्याचं नख आत वाढलेलं. नख काढलं, आणि चार दिवसांत अंगठ्याचं मूळ सुजून पिकलं. डॉक्टर म्हणाले, बुटाचा घाम. मी बुटावर एक छोटंसं प्रवचन दिलं.

तिसरा आला आंधळगावचा शिवराम. घरी हातमाग, कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, लुगडं विणण्यात गावात नाव. मागाच्या फणीतली बांबूची बारीक कामटी उजव्या हाताच्या तर्जनीत नखाखाली घुसली होती. डॉक्टरांनी बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी दोन टोचे दिले, बोट सुन्न झालं, कामटी अखंड निघाली. शिवरामनं ती चिमट्यातून मागून घेतली, उजेडात धरली आणि म्हणाला, “एवढीशीच होय.” खुशीत घरी गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोहाडीच्या बसमधून तो आणि त्याची बायको पार्बता उतरले. शिवरामनं उजवा हात डाव्या हातावर तान्ह्या पोरासारखा धरला होता. अंगात ताप. हात मनगटापर्यंत सुजून चकाकत होता आणि कोपराकडे एक लाल रेघ निघाली होती. मी नेहमीप्रमाणे चौकशीला उभा राहिलो.

“हात भिजवलास?”

“नाई जी.”

“धाग्याला खळ लावलीस?”

“मागावर बसलोच नाई.”

“शेण? माती? कुणाचा पाला?”

“कंपाउंडरभाऊ,” पार्बता म्हणाली, “तुमी पोलीस आहा का? माणूस तापानं फणफणून राहिला, अन् तुमी जबानी घेऊन राहिले.”

डॉक्टरांनी पट्टी सोडली. कामटीची जागा कोरडी, मिटलेली, जणू तिथं कधी काही झालंच नव्हतं. बोटाच्या मुळाशी मात्र दोन्ही बाजूंना दोन काळपट-पिवळे डाग. डॉक्टरांनी जरा दाबलं आणि शिवरामच्या कपाळावर घाम आला.

“पट्टी ओली झाली असेल,” डॉक्टर म्हणाले. आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता.

शिवराम हळू बोलणारा माणूस. दात आवळून म्हणाला, “साहेब, एक विचारू का? आमच्या कामात धागा जिथं तुटते, गाठ तिथंच पडते. कामटी होती शेंड्याले. पिकलं मुळाशी. धागा इथं तुटला, तं गाठ तिथं काहून पडन?”

पार्बतानं पुढचं पूर्ण केलं. “सुई टोचली तिथंच पिकलं ना. दोन टोचे, दोन फोड.”

मी तोंड उघडलं. आमच्याकडे सगळं उकळलेलं, हे वाक्य जिभेवर तयार होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. भागरताबाईच्या दंडावर पू नेमका कुठं धरला होता आणि गँगमनच्या अंगठ्याचं मूळच का सुजलं होतं, हे त्यांना त्या क्षणी आठवत असणार. मलाही आठवलं, पण मला ते आठवायचं नव्हतं.

“बाटली आण,” ते म्हणाले.

मी निघालो आणि त्या दिवशी ते माझ्या मागोमाग आले. मी ओसरीवर माठापाशी गुडघे टेकले, ओल्या रेतीत मनगटापर्यंत हात घातला आणि गारुड्यानं टोपलीतून नागीण काढावी तशी बाटली वर काढली. खरं सांगतो, त्या क्षणीही माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात शाबासकीची आशा होती.

“इथं कधीपासून?”

“ऊन वाढल्यापासून, साहेब. गार राहते.”

डॉक्टरांनी कापसाचा बोळा दोन बोटांनी उचलला. तो माठाच्या पाझरानं ओलाचिंब होता. सुईच्या बुडाशी रेतीचे चार कण चिकटले होते. त्यांनी बाटली उजेडात धरून हलवली. स्वच्छ पाण्यासारख्या औषधात तळापासून काहीतरी उठलं, अगदी बारीक, धुरासारखं, आणि पुन्हा खाली बसलं.

मी वीस मिनिटं पिचकारी उकळत होतो. चिमट्यानं उचलत होतो. आणि मग त्या पिचकारीत, खुल्या सुईतून, माठाखालचा चिखल ओढून देत होतो.  

भाताच्या गिरणीची जीप मिळाली. डॉक्टरांकडे एक बाई बाळंतपणात अडलेली होती, त्यांना हलता येत नव्हतं. त्यांनी भंडाऱ्याच्या इस्पितळातल्या सर्जनला चिठ्ठी लिहिली, बाटली रुमालात बांधून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “चिठ्ठीत लिहिलंय. पण तू तोंडानंही सांग. कुठं ठेवत होतास, किती दिवस. काही राखून ठेवू नकोस. औषध त्यावर ठरेल.”

जीपमध्ये शिवराम डोळे मिटून बसला होता. खड्डा आला की ओठ चावायचा. एकदा त्यानं डोळे उघडले.

“कंपाउंडरभाऊ, हात कापतीन का?”

माझ्याकडे प्रत्येक रोग्यासाठी एक वाक्य असे. मी रुमालाची गाठ उगाच आवळली.

“आज काहून मुके झाले?” पार्बता म्हणाली.

सर्जन वयस्क, किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हात बघून झाल्यावर त्यांनी रुमाल सोडला, बाटली पाहिली, माझ्याकडे पाहिलं. आता मला प्रेक्षक कधीच नकोसे वाटलेले नाहीत, पण त्या खोलीत दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय, शिवराम आणि पार्बता होती आणि मला त्यातला एकही नको होता. मी सांगितलं. बुचातली सुई, कापूस, माठ, दिवस, सगळं.

“रेती कुठली?”

“वैनगंगेची, साहेब.” आणि सवयीनं पुढचंही तोंडातून गेलं. “चाळलेली.”

सर्जननी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“चाळलेली,” ते सिस्टरना म्हणाले. मग आवाज बदलून मला म्हणाले, “सांगितलंस ते बरं केलंस. ओल्या जागेतली घाण वेगळी असते, तिला नुसतं पेनिसिलिन पुरत नाही. दुसरं औषधही आत्ताच सुरू करू. हात उघडावा लागेल. बोट राहील की नाही, ते आत पाहिल्यावर सांगतो. उद्या आणला असता तर बोटाचं बोललो नसतो, हाताचं बोललो असतो. याच बाटलीतून आणखी कुणाला दिलंय?”

“आणखी चौघांना.”

“त्यांना शोध.”

शिवरामला आत नेलं. बाहेरच्या बाकावर एका टोकाला पार्बता, दुसऱ्या टोकाला मी. ती माझ्यावर ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. तिनं विचारलं, “चाळणी कोनाची होती?”

“बायकोची.”

“तिनं परत घेतली?”

“नाही.”

“शहानी हाय,” पार्बता म्हणाली.

सर्जन बाहेर आले. तळहाताकडून आणि मागून, दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन आतला पू काढला होता, मेलेलं मांस कापलं होतं. “बोट ठेवलंय,” ते म्हणाले. “ते राहतं की नाही, ते चार दिवसांत कळेल.”

ते चार दिवस मी सायकलवर काढले. आधी चौघांचा शोध. दोघांना काहीही झालेलं नव्हतं. माठाखाली जायच्या आधी बाटली नवीन असतानाच त्यांना सुई मिळाली होती. एकानं तर मी दाराशी दिसताच, कंपाउंडर स्वतः खुशाली विचारायला घरी आला असं समजून मला जेवायला बसवलं. गँगमनचा अंगठा सुकत आला होता. मी बुटांबद्दल बोललो ते परत घेतो म्हटल्यावर तो म्हणाला, “मी तं नवे घेऊन टाकले ना.”

शेवटी कारध्याच्या पात्रात उतरलो. भागरताबाई वेलांत वाकून डांगरं उलटत होती. मी सगळं सांगितलं. अगदी रेती कुठून भरली ते ठिकाणही दाखवलं. तिच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर होतं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

“म्हणजे मले जे बोलत होते, ते तुमची रेती होती.”

“हो.”

“पाहा ना. एकाच नदीची रेती. माह्या हाती आली तं डांगर झाली, तुमच्या हाती आली तं फोड.” मग एक डांगर तोडून तिनं माझ्या कॅरिअरवर बांधून दिलं. “बायकोले द्या. अन् रांगेत सगळ्यायसमोर बोलले होते, तं हेही सगळ्यायसमोर सांगा.”

मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी भर रांगेत, ओसरीच्या पायरीवर उभं राहून. माझ्या आयुष्यातला तो एकच प्रयोग असा, ज्यात कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी त्याच दिवशी बुचात खोचायच्या साऱ्या जाड सुया टेबलावर ओतल्या आणि एकेक करून पक्कडीनं वाकवल्या. “खोचायला मी शिकवलं,” ते म्हणाले. “पुरायचं तू शोधलंस. अर्धं तुझं, अर्धं माझं.” एवढं लांब भाषण त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. माठाखालची रेती मी पोत्यात भरून नदीत परत नेऊन टाकली. माठ तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्यावर चढला.

इस्पितळात मी रोज ड्रेसिंगच्या वेळेला हजर. सिस्टरनं पहिल्या दिवशी हाकललं, दुसऱ्या दिवशी ट्रे धरायला लावला. चौथ्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी जखमेत लाल, ओलसर, चांगलं मांस दिसलं. सर्जन म्हणाले, “राहिलं,” आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी ट्रे धरून तिथंच उभा. सिस्टर म्हणाली, “ट्रे खाली ठेवा आता,” तेव्हा कुठं मी हललो.

पण बोट राहणं आणि बोट चालणं वेगळं. कोशाचा तुटलेला धागा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून पिळून जोडायचा असतो. धागा डोळ्याला धड दिसत नाही, बोटालाच कळतो. पट्टी लहान झाल्यावर एका दुपारी पार्बतानं पदराच्या गाठीतून कोशाच्या धाग्याची छोटी लडी काढली, एक धागा तोडला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

“जोडा.”

“आत्ताच?”

“मंग काय पुढच्या वैशाखात?”

त्यानं टोकं उचलली. एक निसटलं. पुन्हा उचललं, पुन्हा निसटलं. तिसऱ्या खेपेला तो बोटाकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागला, मागावर बसल्यावर बघतात तसं, आणि चिमटी आपोआप फिरली. पार्बतानं धागा दोन्हीकडून ताणून पाहिला. जोड सुटला नाही. मीही त्या वेळी खिडकीबाहेरचं झाड फार बारकाईनं पाहत होतो. कसलं झाड होतं ते आता सांगता यायचं नाही.

त्यानंतर आमच्याकडे लहान बाटल्या आल्या. काम झालं की उरलेलं औषध फेकायचं, मग कितीही उरो. सुई बुचात एक श्वासभरही राहायची नाही. आणि प्रत्येक सुन्न करायच्या सुईआधी मी रोग्याला बाटली दाखवू लागलो. सीलबंद झाकण, तारीख, उजेडात धरून आतलं पाणी. जादूगार टोपी रिकामी दाखवतो त्या थाटात. लोक ती जादू बघायला थांबत. पेशाला नाटकाची जोड मी सोडली नाही, फक्त नाटक आता खरं होतं. पुढं ऐंशीच्या दशकात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पिचकाऱ्या आल्या, स्टोव्ह विझला, आणि माझी वीस मिनिटांची हुकूमशाही संपली. मला तिचं वाईट वाटलं, हे लपवत नाही.

माठातलं पाणी मात्र कायमचं बिघडलं. तिकाटण्यावर ते तसं गार कधी झालं नाही. वर्षानुवर्षं रोगी कुरकुर करत, आधी काय पाणी होतं इथलं. मी ऐकून घेई.

असाच एका वैशाखात शिवराम आला. केस पिकले होते. उजव्या हाताच्या पंजावर दोन पांढऱ्या रेघा, आणि त्याच हाताच्या अंगठ्यात फणीची कामटी. मी बाटली दाखवायला काढली. तो तिच्याकडे पाहीना. सरळ ओसरीवर गेला, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि माठाखाली पाहिलं. फरशी कोरडी होती. मग त्यानं पेलाभर पाणी घेतलं, एक घोट पिऊन तोंड वाकडं केलं.

“पानी तं गरम हाय जी.”

“गरमच असतं आता.”

“बरं हाय,” शिवराम म्हणाला. आत येऊन खुर्चीवर बसला आणि तोच हात टेबलावर ठेवला.